बर्फाची सायकल

रस्त्यावर बर्फ सांडला होता... एप्रिलमधली सकाळची दहाची वेळ, मालाडच्या पूर्वेला टेकडीवरून आमच्या चाळीकडे उतरणारा डांबरी रस्ता, आणि त्यावर लहानमोठे, पांढरे, निळसर, आरपार दिसणारे शेकडो तुकडे उन्हात लखलखत पडलेले. त्यांच्याखालून पाण्याचे बारीक ओहोळ निघून धुळीत काळ्या रेघा ओढत होते. आम्ही मुलं गल्लीत लगोरी खेळत होतो. धडाड् असा आवाज ऐकून धावलो, आणि बर्फ पाहून तो आवाज कशाचा होता हेच विसरून गेलो. मी फ्रॉकच्या ओच्यात तुकडे भरले. एक तोंडात टाकला. दातांना झिणझिण्या आल्या, लाकडाच्या भुशाची ओळखीची चव जिभेवर उतरली — आणि त्या चवीनेच माझी मान वर झाली. दगडी भिंतीला भिडून, पुढचं चाक मुरगळून, एक सायकल आडवी पडली होती. ती आमची होती.

तुकडा थुंकून टाकायचंही मला सुचलं नाही. तो पुरता विरघळेपर्यंत मी तशीच उभी राहिले.

बाबा गिरणीत फिटर होते. गिरणीला कुलूप लागलं तेव्हा चाळीतली काही बिऱ्हाडं कोकणात परतली, काही माणसं वॉचमन झाली. बाबांनी वेंगुर्ल्याला कायमच्या निघालेल्या एका ओळखीच्या माणसाची लोडिंगची सायकल घेतली — जाड नळ्यांची, दुहेरी दांड्याची, काळ्या रंगाचे पोपडे सुटलेली. बर्फाच्या कारखान्यातून लाद्यांचे तुकडे उचलायचे, भुशात आणि गोणपाटात गुंडाळायचे, आणि मासळीबाजारात, सरबतवाल्यांकडे पोचवायचे, असं काम. पण पहिलं ओझं लादण्याआधी त्यांनी दोन रविवार ती सायकल चाळीच्या पडवीत उलटी घातली. चाकं काढली, बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुतले, ग्रीस भरलं, मागच्या चाकाला जाड तारा बसवून घेतल्या. सीट मुद्दाम खाली केली, कारण ओझ्याच्या सायकलीवर बसलेल्याचे पाय कधीही जमिनीला टेकता आले पाहिजेत. आधीच्या मालकाचं कॅरिअर उंच होतं; बाबांनी लोखंडी पट्ट्यांच्या दोन झोळ्या करून चाकाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर अंतरावर टांगल्या.

"वजन खाली असलं की सायकल आपलं ऐकते गो," ते मला म्हणाले, "वर गेलं की ती आपल्याला ऐकवते."

तेव्हापासून आमची सकाळ एका विशिष्ट नादाने उजाडू लागली. बाबा सायकल डबल स्टँडवर चढवायचे, चाक हळूच फिरवायचे आणि प्रत्येक तारेवर नखाने टिचकी मारायचे... टिंग, टिंग, टिंग... मध्येच एखादी 'टप्' म्हणायची, ती ढिली. मग अंगठ्याने टायर दाबून पाहणं, चेनवर तेलाचे मोजके थेंब, कोरड्या फडक्याने रिम पुसणं, आणि शेवटी ब्रेक आवळून सायकल पुढे ढकलून बघणं — हलली नाही, तरच स्वारी निघायची. दुपारी ते परतत तेव्हा दारात ओल्या गोणपाटाचा, भुशाचा, किंचित मासळीचाही वास दरवळायचा. माझ्यासाठी खिशात रुमालात बांधून आणलेला बर्फाचा चुरा घरी येईपर्यंत बहुतेक वेळा नुसता ओला रुमाल झालेला असायचा. तरी मी तो रुमाल गालाला लावून बसायचे.

वितळत्या बर्फाचं पाणी रोज लोखंडावर ठिबके आणि चाकांच्या रिमवर गंजाचे तांबूस डाग उमटत. बाबा ते पाहून हळहळायचे — यंत्राला लागलेला गंज त्यांना अंगावरच्या जखमेसारखा वाटायचा. आणि गंजावरचा उपाय मला ठाऊक होता! पावसाळ्यापूर्वी आई विळीला, कोयत्याला, बिडाच्या तव्याला खोबरेल चोळून ठेवायची, हे मी दर वर्षी पाहत आले होते. एका रविवारी दुपारी बाबा जेवून झोपले होते, आई शेजारच्या परबकाकींकडे कुरडया घालायला गेली होती. मी फळीवरचं खोबरेल वाटीत ओतलं, जुन्या परकराची चिंधी घेतली आणि दोन्ही चाकांच्या रिम आतून-बाहेरून, तासभर, जीव लावून चोळल्या. ब्रेकचे रबरी तुकडेही चोळले. तेही कसे भेगाळल्यासारखे, कोरडे ठणठणीत दिसत होते. काम झाल्यावर त्या रिम अशा चमकू लागल्या की मला माझाच अभिमान वाटला. बाबा सकाळी बघतील, मग विचारतील, मग मी सांगेन...

सोमवारी मी उठले तेव्हा बाबा निघून गेले होते. कुणाच्यातरी लग्नाची मोठी ऑर्डर होती, घाई होती. त्या दिवशी तारांचा नाद झालाच नाही.

पुढचं लोकांनी सांगितलं. दोन्ही झोळ्या भरून बाबा उताराच्या माथ्यावर आले. अर्ध्या उतारावर सायकल त्यांच्या हाताबाहेर गेली. खाली सार्वजनिक नळावर बायकांची रांग होती, हंडे-कळशा रस्त्यापर्यंत आल्या होत्या, एकीच्या कडेवर तान्हं मूल होतं. बाबांनी ओरडून पाहिलं, पण नळाच्या आणि भांड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी हँडल भिंतीकडे वळवलं.

मी पाहिलं तेव्हा ते भिंतीशी बसलेले होते, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. चेहऱ्यावर वेदना नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. आजूबाजूला पोरं बर्फ गोळा करत होती. कुणीतरी "अरे, शैलाचे बाबा!" म्हणून ओरडलं, तशी ती सगळी थबकली, आणि एकेकाने हातातले तुकडे गुपचूप खाली ठेवले — जणू ते परत करायचे होते. माझ्या ओच्यातून थंडगार पाणी पोटरीवर ओघळत होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आईला बोलाव. धावू नको... सावकाश जा."

त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं. संध्याकाळी दोघांनी सायकल उचलून आणली आणि पडवीत भिंतीला टेकवून ठेवली. सगळे गेल्यावर मी तिच्याजवळ गेले. पुढच्या रिमला बोट लावलं. बोट घसरलं... तेलावर रस्त्याची धूळ बसून काळी, बुळबुळीत साय झाली होती, आणि तिला अजून खोबऱ्याचा वास येत होता. त्या क्षणी मला सगळं कळलं. नऊ वर्षांच्या मुलीला जेवढं कळू शकतं तेवढं नव्हे, सगळंच. माझे कान बंद झाल्यासारखे झाले. आई हाक मारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज येत नव्हता.

पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. तीन आठवड्यांनी बाबा घरी आले ते मांडीपर्यंत प्लॅस्टर घालूनच. त्या तीन आठवड्यांत मी कुणाशी धड बोलले नाही. पोरीने धसका घेतलाय, असं परबकाकी म्हणायच्या, आणि माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायच्या. बाबा आल्याच्या दुसऱ्या दिवशी आई पाण्याला गेल्यावर मी त्यांच्या खाटेशी जाऊन उभी राहिले.

"बाबा, मी रिमला तेल लावलं होतं."

ते कोपरावर रेलून थोडे उठले.

"कधी?"

"आदल्या दिवशी. गंज चढू नये म्हणून. ब्रेकलापण लावलं."

"कुठलं तेल?"

"खोबरेल."

त्यांनी डोळे मिटले. मी वाट पाहत होते — मारतील, ओरडतील, निदान रडतील. ते बोलले तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता, गिरणीतल्या शिकाऊ माणसाला समजावताना असेल तसा.

"कारखान्यात जाताना मला जाणवलं होतं गो. ब्रेक धरत नव्हता. सपाट रस्ता, रिकामी सायकल... म्हटलं, पाणी असेल, सुकेल. एरवी मी तशीच परत फिरवली असती. त्या दिवशी नाही फिरवली. तेल लावणाऱ्याला माहीत नव्हतं. चालवणाऱ्याला माहीत होतं. समजलं? चूक कोणाची?"

त्यांनी माझा हात घेऊन स्वतःच्या प्लॅस्टरवर ठेवला. "तेल चेनला आणि एक्सलला. रिमला आणि रबराला कधीच नाही. आता रॉकेलचं फडकं घे आणि दोन्ही रिम पूस. रबर नवे लागतील. आईला काही सांगू नको."

त्या आठवड्यात आणखी एक धक्का आमची वाट पाहत होता. बाजारातल्या कोळणींनी निरोप धाडला होता, बर्फ नसेल तर त्या दुसरा माणूस बघतील. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी आई उठली, ट्रंकेतून तिच्या आईचं हिरवं नऊवारी लुगडं काढलं, घट्ट कासोटा घातला आणि दुरुस्त होऊन आलेली सायकल पडवीतून खाली उतरवली.

"अगो, करतेस काय?" बाबा ओरडले.

"हातात धरून नेते. चालवतंय कुठे कोण!"

चाळीच्या कठड्यांशी माणसं उभी राहिली. परबकाकींचं मशेरीचं बोट तोंडात तसंच राहिलं. आई खाली मान घालून, दोन्ही हातांनी हँडल धरून निघाली, आणि मागून मी, सुट्टीच असल्यामुळे, झोळ्या ढकलायला. बर्फ भरून परतताना उताराच्या माथ्यावर ती थांबली, दोन्ही ब्रेक आवळले, सायकल पुढे ढकलून पाहिली. मग म्हणाली, "तू मागून खेचून धर. घाई करायची नाही." त्या उतारावरून आम्ही पाऊल-पाऊल उतरलो.

महिन्याभरात तिला पायी चालणं पुरेनासं झालं. बर्फ वाटेत वितळून जायचा. मग एका रविवारी बाबा कुबड्या घेऊन आमच्याबरोबर आरे कॉलनीत आले. गोठ्यांच्या मागचा, झाडांनी झाकलेला रिकामा रस्ता. हवेत शेणाचा, ओल्या गवताचा, दुधाचा एक मिश्र, आंबूस-गोड दरवळ. बाबा रस्त्याकडेच्या दगडावर बसून ओरडत होते — "चाकाकडे नको, पुढे बघ! ... वळताना आतलं पेडल वर! ... पुढचा ब्रेक एकटा नको, दोन्ही धर!" आई तीनदा पडली. एकदा झुडपात गेली. कोपर सोलवटलं, तरी उठून पुन्हा चढली, आणि चौथ्या वेळी सायकल सरळ निघाली... निघाली ती थांबेचना. हिरव्या लुगड्याचा तो ठिपका झाडांच्या बोगद्यात लहान लहान होत गेला आणि तिकडून एक आवाज आला, जो मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. माझी आई मोठमोठ्याने हसत होती.

बाबा ओरडायचे थांबले.

बाबांचा पाय आखूड झाला. ओझ्याची सायकल त्यांनी पुन्हा चालवली नाही; एका दुकानात बसून ते मिक्सर, पंखे दुरुस्त करू लागले, आणि पहाटे उठून आईची सायकल तपासून द्यायचे. आईने ती पाच-सहा वर्षं चालवली. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली, मग ते तिला रस्ता देऊ लागले. पुढे घरोघरी फ्रिज आले, कारखान्याच्या जागी इमारत उभी राहिली, आणि एका पावसाळ्यानंतर सायकल भंगारवाल्याला दिली. बाबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्यात मी कांदिवलीच्या आमच्या घरात आईसोबत बाल्कनीत बसले होते. तिचे गुडघे आता तिला चार पायऱ्याही चढू देत नाहीत. काय झालं कुणास ठाऊक, मी तिला तेलाची गोष्ट सांगितली. सगळी. वाटी, चिंधी, बाबांनी मला गप्प राहायला सांगितलं ते. सांगताना माझा आवाज नऊ वर्षांच्या मुलीसारखा झाला होता.

ती खालच्या रस्त्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता तरी ती रागावेल.

"त्यांनी मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. मग, माझ्याकडे न बघता — "मीपण त्यांना एक गोष्ट कधी सांगितली नाही. त्यांचा पाय मोडला, आणि मला ती सायकल मिळाली... रोज सकाळी निघताना मला आनंद व्हायचा गं, शैला. ते लंगडा पाय सांभाळत खिडकीत उभे असायचे, आणि मला आनंद व्हायचा. असली कसली बायको मी?"

इतकी वर्षं मी समजत होते की त्या घरात अपराधाचं ओझं वाहणारी मी एकटीच आहे. काहीतरी बोलायला हवं होतं. बाबा असते तर त्यांनी ते शांतपणे, दोन वाक्यांत सांगितलं असतं. मी तिचा सुरकुतलेला हात हातात घेतला, तो कोमट होता, आणि दिवे लागेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.