कार्बनची मिशी

पोंभुर्ण्याहून तार आली तेव्हा मी चंद्रपुरात नाटकाच्या तालमीत राजा होऊन बसलो होतो. कौसल्याताई गेली... मुकुट घालूनच मी रडलो आणि बघणाऱ्यांना वाटलं, राजा आज रंगात आहे. ताई असती तर पोट धरून हसली असती.

ताई माझी मावसबहीण. चार-पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. त्याच वर्षी धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलं आणि पाऊस गायब झाला. नाल्यावरचं पाणी ओढायचं डिझेल इंजिन काळा धूर ओकून बंद पडलं. दीर सोपान लगेच हजर. "वहिनी, इंजिन भंगारात टाका अन् वावर माह्या हाती द्या. मशीन बाईमाणसाचं काम नाई."

ताईनं इंजिन बैलबंडीवर घालून अंगणात आणलं आणि नट खोलायला बसली. नवरा दरवर्षी ते खोलायचा तेव्हा पाने-पकड हीच त्याच्या हाती द्यायची. निघालेला एकेक भाग ती सुपात ओळीनं मांडत गेली, म्हणजे बसवताना उलट्या ओळीनं उचलता येईल. पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा जाड थर होता, भात करपून पातेल्याच्या बुडाला धरतो तसा. मदतीला म्हणून आलेल्या मी मोठ्या ऐटीत खुरपं उचललं आणि एक लांब ओरखडा ओढला.

"बापू! तुह्या राजवाड्यातलं भांडं आहे का ते? नरम धातू आहे, लोखंड लावू नाई!"

तिनं कुडातला बांबू उपसला, तासून त्याची कमची केली. राकेलमध्ये भिजवायचं, कमचीनं खरवडायचं, चिंधीनं पुसायचं... दोन दिवस हेच.

सोपान पुन्हा डोकावला. "अजून खेळूनच राह्यल्या का, वहिनी?"

ताईनं काळं बोट नाकाखालून आडवं फिरवलं. "घ्या, झाली मी बाप्या! आता तं करू द्या काम!"

रंगभूमीवर मी ढीगभर मिशा लावल्या. इतकी शोभलेली एकही नाही.

तिसऱ्या दिवशी नाल्यावर ताईनं हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. सोपाननं मुद्दाम घसा खाकरला. तिसऱ्यांदा मात्र इंजिन खोकललं, धूर टाकला आणि धडधडायला लागलं... पाणी धानाच्या बांधीत शिरलं. ते धान ताईनंच कापलं. वावर शेवटपर्यंत तिच्याच हाती राहिलं.

परवा ताईचं पुण्यानुमोदन झालं. जेवणं आटोपल्यावर सोपाननं ताईच्या पोरीला, वंदनाला, हळूच विचारलं, "आता तरी इंजिन विकतेस का?"

वंदना उठली. वळचणीत खोचलेली ती कमची काढली, टोक अजून काळंच. ती काकाच्या हातात दिली आणि पुढ्यात आधीच खोलून ठेवलेला पिस्टन ठेवला. "यंदाचा कार्बन काढायचा आहे, काका. लागा हाताले."

एवढ्या पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? बसला बिचारा खरवडत. पिस्टनवर माझा ओरखडा तसाच होता. मध्येच त्यानं मनगटानं नाकाखालचा घाम पुसला आणि झकास मिशी उमटली. आम्ही सगळ्यांनी पाहिली.

एकानंही सांगितलं नाही. तशीच घेऊन गेला घरी.