पाठीवरचा भोपळा

अकोल्याच्या उन्हाळ्यात शाळेची सुट्टी मला एकाच गोष्टीसाठी हवी असे, ती म्हणजे सकाळी तरणतलावात मनसोक्त पोहणं. एका वर्षी या सुखात एक म्हातारा आडवा आला. बार्शीटाकळीकडचा शेतकरी, लेकीकडे राहायला आलेला.

रोज काठावर बसून तो ओंजळभर पाणी घ्यायचा, हुंगायचा, तोंड वाकडं करायचा. मग पाठीला भलामोठा वाळका भोपळा बांधून आत उतरायचा. खेड्यातली पोरं विहिरीत पोहायला शिकताना बांधतात, तसा! हात मात्र असे सराईत मारायचा, की सगळा तलाव त्याचाच. एकदा तो भोपळा माझ्या कपाळावर आदळला आणि माझं डोकंच फिरलं.

“काका, इतकं चांगलं पोहता, मग हे लोढणं कशाला पाठीवर?”

“गावच्या विहिरीत नाई बांधत, भाऊ. थ्या पाण्यात माहा बाप पोहला, मी पोहलो. हे नळाचं पाणी तुमी दर सोमवारी सोडून देता. त्याची वळख कवा व्हावी?”

“पाणी ते पाणी!” मी खेकसलो.

तो हसला, सुतळीची गाठ आवळली आणि पुन्हा माझ्याच वाटेत उतरला.

पेरणीच्या तोंडावर तो गावी गेला. त्या सोमवारी तलाव नव्या पाण्यानं भरला होता. निळाशार, मोकळा, भोपळा नाही की म्हातारा नाही. मी काठावर उभा राहिलो, हात वर केले आणि तिथंच थबकलो. वाकून ओंजळभर पाणी घेतलं, हुंगलं.

लेकाचा जाताना तो भोपळा माझ्या पाठीला बांधून गेला होता.