उन्हाची कॉफी आणि हल्बेराचा तवा

उत्तर टोकाच्या आमच्या हेस्तवीक गावात हल्बेराला न घाबरणारा माणूस नाही, आणि तिच्या हातचं खाऊन तृप्त न झालेलाही नाही. मी थुरा, तिची शेजारीण. आमची भांडणं शाळेपासूनची, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझाच.

वरच्या मजल्यावरच्या खोल्या ती पाहुण्यांना देते आणि त्यांना पोटभर खाऊ घालते. पाहुणे बहुतेक उन्हाळ्यात येतात. अदेलीनोही असाच उन्हाळ्यातच आला होता, पोर्तुगालहून, आमचे खारवलेले मासे विकत घ्यायला. पहिल्या दिवशी हा बाबा जेवायला खालीच येईना. हल्बेरा वर गेली, तर स्वारी खिडकीशी पोट धरून बसलेली.

"जेवायचं नाही का?"

"जेवणार ना! अंधार पडला की. आमच्याकडे रात्रीच जेवतात."

"मग ऑगस्टपर्यंत उपाशी बस," हल्बेरा म्हणाली. "उन्हाळ्यात इथे अंधार पडतच नाही, बाहेर बघून भूक ठरवायची नाही. घड्याळाकडे बघ, नाहीतर माझ्याकडे बघ."

तेव्हापासून तो तिच्याकडेच बघत आला. वर्षांमागून वर्षं. दर उन्हाळ्याला यायचा, सुक्या माशाला लोणी लावून खायचा, आमची भाषा तोडकीमोडकी बोलायचा. हल्बेराचा नवरा गेला त्याला आता जमाना झाला, अदेलीनोची बायकोही नाही. दोन वर्षांमागे जूनमध्ये धक्क्यावर, माशांच्या खवल्यांनी हात भरलेले असताना, त्यानं तिला लग्नाचं विचारलं. मी तिथेच होते. चक्क कान टवकारून उभी होते, खोटं कशाला बोलू!

हल्बेरा म्हणाली, "उन्हाळ्यात इथे कुणालाही राहावंसं वाटतं. जानेवारीत ये. उन्हाच्या कॉफीपर्यंत टिकलास, तर त्या टेबलावर उत्तर देईन."

नोव्हेंबरात आमचा सूर्य डोंगराआड जातो. दुपारी थोडा उजेड असतो, पण ऊन म्हणून अंगावर पडत नाही. जानेवारीच्या शेवटी ते परत येतं. आधी चर्चवर, मग शाळेवर, मग माझ्या घरावर, आणि सगळ्यांत शेवटी हल्बेराकडे, कारण तिचं घर डोंगराच्या अगदी कुशीत आहे. ज्याच्या टेबलावर ऊन पडेल, त्याच्या घरी त्या दिवशी कॉफी आणि पातळ गोड धिरडी, आत रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा आणि फेटलेली साय. ऊन टेबलाला लागल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. हल्बेराची धिरडी जाळीदार, पदर सुटलेली. सगळी करामत तिच्या आईच्या तव्याची, असं ती म्हणते. त्या तव्याला कधी साबण लागला नव्हता.

अदेलीनो आला, कान झाकणारी टोपी घालून. हल्बेरानं त्याला रोज सकाळी चमचाभर माशाचं तेल पाजलं. दुपारी उजेड दिसला की "चल, ऊठ, बाहेर हो!" म्हणून बर्फात पिटाळलं. न्याहारीलाही अंधार, जेवायलाही अंधार. बिचारा एकदा सकाळची लापशी खाऊन "शुभ रात्री" म्हणत झोपायला निघाला. उग्र वासाचा आंबवलेला शार्क मासा मात्र त्यानं मागून घेतला. तेव्हा हल्बेरा पहिल्यांदा मनापासून हसली.

मग तो गप्प गप्प राहायला लागला. खिडकीशी बसून डोंगराची धार बघत राहायचा.

"जाईल गं हा," मी म्हणाले.

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि पावाची कणीक अशी आपटली की माझा कप हादरला. घाबरली होती बाई. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

तिच्याकडे ऊन यायच्या आदल्या दुपारी ती माझ्याकडे मुरंबा न्यायला आली. मी तिच्याबरोबरच परत गेले. दारातच अदेलीनो उभा, बाह्या सरसावलेल्या, चेहऱ्यावर अभिमान. स्वयंपाकघरातलं भांडं न् भांडं त्यानं घासून ठेवलं होतं. आणि हातात तवा. तारेच्या घासणीनं खरवडून आरशासारखा लख्ख केलेला.

"किती काळा झाला होता गं!" तो म्हणाला.

 हल्बेरा खाडीपलीकडे ऐकू जाईल असं ओरडली, "बाहेर हो!" तो टोपी न घालताच पळाला.

"माझा तवा ने," मी म्हटलं.

"तुझ्या तव्यावर? त्यापेक्षा ऊनच आलं नाही तरी चालेल!"

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. मी गेले तेव्हा टेबल मांडलेलं, अदेलीनो कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. हल्बेरानं पहिलं धिरडं घातलं. चिकटलं. दुसरं घातलं, त्याच्या चिंध्या झाल्या. ती खरवडून काढत होती. तेवढ्यात डोंगराच्या खाचेतून ऊन आलं, साखरेच्या भांड्यावर, मग टेबलावर, मग अदेलीनोच्या तोंडावर. त्यानं डोळे मिटले आणि पोरासारखा हसायला लागला. मग घाईघाईनं एक फाटका तुकडा तोंडात टाकला.

"छान झालंय," तो म्हणाला.

मला राहवेना. "अगं, उत्तर दे की त्याला!"

हल्बेरा तवा निरखत म्हणाली, "आईला हा तवा मुरवायला वीस वर्षं लागली होती."

"मला माफ कर," अदेलीनो म्हणाला.

"माफी काय तव्याला लावू? लोणी घे. रोज लावायचं, रोज तापवायचं. साबणाला शिवलास तर हात मोडून ठेवीन. तव्याचं मुरलेपण तू घालवलंस, तूच आणून द्यायचं."

"पण शुक्रवारी माझं विमान आहे..."

"मग तवा काय विमानात बसून मुरणार आहे?"

 तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्यानं तिला तव्यासकट मिठी मारली. मला रडू आलं. कॉफी उतू गेली, ती कुणी पुसली नाही.

शुक्रवारचं विमान त्याला न घेताच गेलं. यंदाच्या उन्हालाही पहिलं धिरडं फाटलंच. हल्बेरानं ते उचलून त्याच्या ताटलीत टाकलं. "बघ, अजून खूप वर्षं लागणार आहेत," ती म्हणाली, आणि आनंद काही तिला लपवता येईना.