बेश्वेर्डन आहेत का?

मंडळी, मी डेंटिस्ट. जर्मनीत डार्मश्टाटला ज्या संस्थेत लायसन्ससाठी कोर्स केला, तिथे कुणी सांगितलंच नाही की तात्पुरतं लायसन्स फक्त हेसन राज्यापुरतं असतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे रेगेन्सबर्गला आलो. बव्हेरियात आता पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

आज इथल्या एका दातांच्या दवाखान्यात नोकरीचं विचारायला गेले. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, "बेश्वेर्डन आहेत का?"

बेश्वेर्डन म्हणजे तक्रारी. म्हटलं, चला, कुणीतरी तक्रार विचारतंय. संस्था, लायसन्स, सगळं सांगून टाकलं.

बाईंनी शांतपणे ऐकलं. "बरं, मग दुखतोय कुठला दात?"

हेसनमध्ये मी स्वतः पेशंटना, काही दुखतंय का या अर्थी, रोज हेच विचारायचे, "बेश्वेर्डन आहेत का?"

दात ठीक आहेत हो. बाकीच्या तक्रारी कुठे ऐकतात, कुणाला माहीत आहे?