बाबांचं घमेलं

पगाराच्या दिवशी बाबा चहा पिताना सांगायचे, "व्यवसाय कर कापला बरं का," आणि तेही अशा थाटात की जणू बढतीच मिळाली. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. आम्ही कळव्याला दोन खोल्यांत राहायचो. हा कर रोजगार हमीला जातो, दुष्काळात गावाकडच्या माणसांना त्यातून काम मिळतं, हे त्यांनी युनियनच्या कुठल्याशा सभेत ऐकलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मामाकडे मुरबाडला जाताना रस्त्याचं काम दिसलं की एसटीच्या खिडकीतून बोट दाखवायचे. "ह्यात एक घमेलं आपलं आहे."

आई म्हणायची, "मग उतरा आणि टाकून या."

नव्वदच्या आसपास कारखाना बंद पडला. आधी टाळं, मग कोर्ट, मग नुसतीच वाट पाहणं. घरातले नळ, कड्या, बिजागऱ्या सगळं दुरुस्त करून झालं, तरी बाबांचा दिवस सरेना. मग एके सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मला म्हणाले, "चल गं, ठाण्याला तहसील कचेरीत नाव नोंदवून येऊ. इतकी वर्षं भरलंय, आता आपली पाळी."

मी कॉलेजात होते. मला शंका होती, पण त्यांचा चेहरा इतका निश्चिंत होता की बोलवेना.

टेबलामागचे कारकून बाबांच्याच वयाचे होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "अहो, ती योजना गावांसाठी. शहरातल्या माणसाला नाही मिळत त्यात काम."

"पण कापतात तर आमच्या पगारातून."

"माझ्याही कापतात. उद्या माझी नोकरी गेली तर मी तरी कुठे जाणार?"

बाबा हसले. मला मात्र त्या कारकुनाचा, त्या टेबलाचा, बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाचासुद्धा राग आला. खडी फोडायला तयार असलेल्या माणसाला तुम्ही शहरात राहता म्हणून परत पाठवायचं, हा कुठला न्याय? तो राग अजून गेलेला नाही, फक्त थकलाय.

पुढे ते डोंबिवलीला केमिकलच्या एका युनिटमध्ये ठेकेदाराकडे पिंपं उचलायला लागले. पगार रोख हातात. चिठ्ठी नाही, कपात नाही. चहा पिताना आता ते काही सांगत नसत. मुरबाडच्या एसटीत बसले की डोळे मिटून घ्यायचे.

मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराची चिठ्ठी त्यांनी मागून घेतली. केमिकलनं सोललेलं त्यांचं बोट रकान्यांवरून फिरलं आणि एका जागी थांबलं. "कापलाय," ते म्हणाले.

"त्यात आनंद कसला? तुम्हाला काय मिळालं त्यातून?" माझा आवाज चढलाच.

"मिळायला हवं होतं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले. "पण म्हणून त्या लोकांचं बंद व्हायला नको. तू भर."

त्यानंतर मुरबाडला निघालो तेव्हा वाटेत रस्त्याचं काम चाललं होतं. बायका डोक्यावरून माती वाहत होत्या. मी मुद्दाम खिडकीतून बोट दाखवलं. "बाबा, ह्यात एक घमेलं आपलं आहे."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तुझं," म्हणाले.