कौसाअक्काच्या लग्नात माझं तोंड

प्रकाशा गावात हळदीची गाणी म्हणायची तर कौसाअक्काला बोलवावंच लागतं. सकाळी मंदिराबाहेर बेल-फुलं विकायची, दुपारी पपईच्या मळ्यात काम आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मांडवात. पण तिच्या आईचं एक गाणं तिला अर्धंच येत होतं, आणि लेक रोहिणीची हळद तोंडावर आलेली. पुरं गाणं उरलं होतं फक्त अक्काच्या स्वतःच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर.

ती कॅसेट घेऊन ती माझ्या स्टुडिओत आली. "नवनीत भाऊ, मन्ही मायनं गानं शे यामा. काढी दे."

फितीला बुरशी लागली होती. एकदाच चालेल, दुसऱ्यांदा नाही, असं मीच तिला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. डॉक्टरकी करायला मला आवडतं.

आता स्टुडिओचं वैभव. एक जुना सर्व्हर मी नाशिकहून उचलून आणलाय. त्याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच डब्यात तीन कॉम्प्युटर. बायको म्हणते, एक धड चालवता येत नव्हता म्हणून तीन केले. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं माझं यूएसबी यंत्र फक्त जुन्या विंडोजवर चालतं, आणि ते विंडोज त्यातल्या एका मशीनमध्ये. यंत्र सर्व्हरला खोचलं तरी ते कोणत्या मशीनला द्यायचं, हे पडद्यावर खूण करून सांगावं लागतं. तिथं एकाच नावाची दोन यंत्रं दिसली. एक हे, दुसरा माझ्यासमोरचा वेबकॅम. एक वायर उपसून पाहिली असती तर कळलं असतं कोणतं कोणतं. पण तज्ज्ञ माणूस कशाला वायर उपसतोय? मी वरच्या नावावर खूण केली, रेकॉर्डिंग सुरू केलं, चित्र यायच्या आतच पडद्यावरची ती खिडकी खाली सारून ठेवली आणि चिवडा घेऊन बसलो.

कॅसेट प्लेयरला थेट जोडलेल्या बाजूच्या टीव्हीवर अक्काचं लग्न झकास दिसत होतं. हळदीला तिची आई गायला लागली, तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. तो उचलून बोललो, ठेवला आणि पुन्हा चिवड्याकडे वळलो. कॅसेट संपली तेव्हा फितीवरचा थर पार सोलून निघाला होता.

मग फाइल उघडली. पूर्ण लग्नभर माझंच तोंड! चिवडा खाणारं, जांभया देणारं, पाठवणीला डोळे पुसणारं. शटर ओढून सासुरवाडीला पळून जावं, असंच वाटलं.

अक्काला बोलावून सगळं सांगितलं. ती रागावली नाही, याची मला जास्त भीती वाटली. वेबकॅमच्या माइकमध्ये टीव्हीचा आवाज तेवढा आला होता. तो लावला, तर चिवड्याच्या कुरकुरीमागून तिची आई गात होती.

"तुन्हं तोंड दिसस," अक्का म्हणाली. "मी डोया मिटी लेसू."

डोळे मिटून तिनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं, गाणं पाठ केलं. फक्त एका ओळीवर माझा आवाज होता, मेहुण्याला ऐटीत सांगणारा: "आरे, सर्व्हरवर मोठं काम चालू शे! मंग बोलसू."

रोहिणीच्या हळदीला ते गाणं झालं. त्या ओळीपाशी अक्कानं हात वर केला, साऱ्या बाया गप्प झाल्या, आणि ओळीएवढा वेळ गेल्यावर पुढचं सुरू झालं.

नंतर मी म्हणालो, "अक्का, तिथं एखादी ओळ तू जोडून टाक ना."

"तठे मन्ही माय गाई ऱ्हायनी व्हती, भाऊ," ती म्हणाली. "तू बोली ऱ्हायना व्हता. मी काय जोडू?"

आता ते गाणं शेजारच्या गावांतही गेलंय. तिथल्या पोरीही त्या ठिकाणी थांबतात. त्यांना वाटतं, ही रीतच आहे. शूटिंगला मीच असतो. तेवढा वेळ मी कॅमेऱ्यात डोळा घालून उभा राहतो आणि फोन बंद ठेवतो.