माझ्या शालूचं डोकं पाण्यात दाबलं तेव्हा

मंडळी, आज पणतीच्या पोहण्याच्या शिबिरात सरांनी एका रडत्या मुलीला तलावात ढकललं. मी ओरडले, तर नातू म्हणाला, "आजी, असंच शिकवतात."

साठच्या दशकात मालवणच्या किनाऱ्यावरही मुलांचं सुट्टीतलं शिबिर होतं. माझी सहा वर्षांची शालू लाटांना घाबरायची. भीती घालवायला मास्तरांनी तिचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं. ती हातपाय झाडत होती आणि ते हसत होते.

मी लुगड्यासकट पाण्यात धावले.

"माझ्या चेडवाक सोड!"

सोडेना, तेव्हा रक्त येईपर्यंत त्याच्या मनगटाला चावले.

शालू वाचली. काठावरचे आईबाप मलाच म्हणाले, "मास्तरार हात टाकतंस? पोरांका शिस्त कशी लागतली?"

शालूची आता पासष्टी उलटली. अजून ती समुद्राकडे पाठ करूनच बसते.

तुम्ही असता तर गप्प बसला असता?